सायबाईचा डूख

स्टुडिओतले सगळे तिला सायबाई म्हणायचे. नाव मालकांनी ठेवलेलं. ती नवीन असताना तिनं एका म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो असा काही मऊ करून दिला होता, की मालक पडद्याकडे बघत म्हणाले, "तापवलेल्या दुधावर साय धरावी तशी धरलीये हिनं चेहऱ्यावर." तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदापुरतं उरलं. नव्यानं कामाला लागलेली माणसं तर ते 'साहेबबाई'चंच छोटं रूप असावं असं समजून उगाच अदबीनं वागायची, आणि तीही कुणाचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडायची नाही.

काम म्हटलं तर साधं होतं. कॉम्प्युटरवर फोटोची एक प्रत काढायची आणि ती मूळ फोटोवरच बरोबर बसवायची. वरची प्रत पार धूसर करून टाकायची. मग तिचा दाटपणा हळूहळू कमी करत आणायचा, खालचा खरा चेहरा त्यातून डोकवायला लागेपर्यंत. एवढं कुणीही शिकतं. पण एवढ्यावरच थांबलं, तर माणूस वाफ धरलेल्या काचेमागे उभा असल्यासारखा दिसतो. म्हणून मग बारीक ब्रश घेऊन डोळ्यांवरची, ओठांच्या कडेवरची, कपाळावर आलेल्या बटांवरची धूसर साय पुसून काढायची. कुठली पुसायची आणि कुठली राहू द्यायची, खरी मेख तिथं होती. सायबाईच्या फोटोत डोळे लख्ख असायचे आणि बाकी सगळं माफ केल्यासारखं.

तिचा स्वतःचा फोटो मात्र कुठंच नव्हता. कुणी कॅमेरा काढला की ती हातातलं काम सोडून पाणी प्यायला उठायची. लोकांना वाटायचं, लाजते. लाज नव्हती ती. तरुणपणी कानावर पडलेलं एक वाक्य होतं, आणि ते तिनं इतकी वर्षं खरं मानलं होतं.

तेव्हा तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा पाणीपुरवठ्याच्या खात्यात नोकरीला, बोलताना डाव्या कानाची पाळी ओढायची त्याला सवय. दादाच्या घरी सगळे जमले होते. मोठी माणसं आपापसात बोलत बसली तेव्हा ही दोघं खिडकीपाशी उभी राहिली, आणि त्यानं तिला विचारलं की रस्त्यावरचा नळ फुटला की आधी कुणाला शिव्या घालायच्या. तिला हसू आवरलं नाही. त्यालाही आवरलं नाही. तो गेल्यावर ती भांडी विसळतानासुद्धा हसत होती. आठवडाभरानं दादानं सांगितलं की त्यांचा नकार आलाय. का, असं तिनं विचारलं. दादा आधी टाळाटाळ करत राहिला, मग खाली बघत म्हणाला, "फोटोत बरी दिसते, समोर नाही, असं म्हणाले. सोडून दे."

ती सोडून देऊ शकली नाही. आरशासमोरून जाताना ती मान वळवायला लागली. पुढच्या दोन स्थळांना तिनं स्वतःच नाही म्हटलं, आणि मग स्थळं यायची थांबली. घरात बाबा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, वहिनीची मुलगी पाळण्यात. बाबांना कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, सगळं हिच्याकडे आलं. बाबा पुष्कळ वर्षं तसेच होते. ते गेल्यावर ती कॉम्प्युटरच्या क्लासला गेली, तिथून स्टुडिओत. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे मऊ करायचे आणि संध्याकाळी दादाच्या घरातल्या मागच्या खोलीत येऊन पडायचं, असं तिचं आयुष्य लागलं होतं. दादा तिच्याशी वाईट वागत नव्हता. उलट चारचौघांत म्हणायचा, माझ्या बहिणीनं बाबांसाठी लग्नसुद्धा केलं नाही. ऐकणारे हळहळायचे, आणि दादाकडे जरा जास्तच आदरानं बघायचे.

मग एका दुपारी स्टुडिओत एक म्हाताऱ्या काकू आल्या. नवऱ्याचा जुना फोटो दुरुस्त करून मोठा करून हवा होता. ओलीनं फोटोच्या कोपऱ्यावर डाग पडले होते. सायबाई फोटो उजेडात धरून बघत होती आणि काकू तिच्याकडे बघत होत्या. जरा वेळानं त्यांनी दादाचं नाव घेऊन विचारलं, तू त्यांची बहीण ना गं. तिनं मान डोलावली. मग तिनंही ओळखलं. कानाची पाळी ओढणाऱ्याची आई.

काकू टेबलावरून पुढं वाकल्या, आवाज खाली आणला आणि फार मायेनं म्हणाल्या, "झटके आता कसे आहेत गं तुझे? गोळ्या चालू आहेत ना?"

तिला काही कळेना. काकूंना वाटलं, पोरीला अवघड वाटतंय. म्हणून त्या समजूत घालायला लागल्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आजार कुणालाही होतो. तुझा भाऊ मात्र देवमाणूस, स्वतः घरी येऊन खरं काय ते सांगून गेला, नाहीतर लोक लपवतात आणि मग दोन्ही घरांचं वाटोळं होतं. मुलगा काही ऐकायला तयार नव्हता, ती आवडली होती त्याला, झटके तर झटके म्हणत होता. आपणच अडून बसलो. आता त्याला दोन मुलं आहेत, बरं चाललंय.

"आहेत बऱ्या," सायबाई एवढंच म्हणाली. कोण बऱ्या, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं फोटोची पावती लिहून दिली, काकूंना दारापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन खुर्चीवर बसली. तिला आयुष्यात एकदाही झटका आला नव्हता. साधी चक्करसुद्धा नाही.

सगळं एकाच वेळी तिच्या डोक्यात शिरलं नाही. बादली भरावी तसं भरत गेलं. आवडली होती. समोर बघून आवडली होती. दादाला घरात बाबांचं करायला कुणीतरी हवं होतं, वहिनीच्यानं होणार नव्हतं, म्हणून त्यानं तिकडे एक खोटं सांगितलं आणि इकडे दुसरं. तिकडच्या खोट्यानं तिचं लग्न गेलं. इकडच्या खोट्यानं तिचा चेहरा गेला. पहिल्याचं तिला दुःख झालं. दुसऱ्यानं तिच्या पोटात जे पेटलं ते काही केल्या विझेना.

तिनं त्या दिवशीचं काम संपवलं. घरी जाऊन नेहमीसारखी जेवली. पण त्या दिवसापासून ती दादाकडे बघायला लागली, नीट, ब्रश हातात घेऊन बघावं तशी. त्याच्या मानेवरच्या वळ्या, बोलण्याआधी घसा साफ करायची लकब, पाहुण्यांसमोरचं त्याचं नम्र हसू. कुठं बोट ठेवलं की दुखेल, ते ती शोधत होती. तिला फार शोधावं लागलं नाही.

दादाच्या मुलीचं लग्न जुळत आलं होतं. भाची आता औषधांच्या दुकानात नोकरी करत होती, हुशार होती, सडेतोड होती, आणि मुलगा तिला मनापासून आवडला होता. भाचीच्या गालांवर तारुण्यपीटिकांचे खड्डे राहिले होते, त्याचं तिला स्वतःला काही नव्हतं, दादाला फार होतं. मुलाच्या आजीआजोबांनी फोटो मागितला, तसा दादानं तो बहिणीकडे पाठवला. वर मुलाच्या आईचा नंबरही पाठवला. फोटो छान मऊ कर आणि तूच परस्पर मोठ्या आकारात पाठवून दे, आमच्याकडून पाठवला की बारीक होतो, असा निरोप.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेलेले असताना सायबाईनं तो नंबर लावला. काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं. शब्दही दादानं वापरले असतील तसेच वापरायचे होते: मुलीला झटके येतात, तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं. तिकडून एका बाईचा आवाज आला, हॅलो. मग पुन्हा, हॅलो, कोण बोलतंय? मागे कुणीतरी कुकरची शिट्टी मोजत होतं. सायबाईच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते बाहेर आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि न उघडलेला डबा परत पिशवीत टाकला. दया आली म्हणून ती थांबली असं नाही. पोरीचा काय दोष, एवढंच मनात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

संध्याकाळी दादा स्वतः स्टुडिओत येऊन हजर झाला. फोटो आपल्यासमोर झालेला बरा म्हणाला, आणि खुर्ची ओढून तिच्या कोपराशी बसला. पडद्यावर भाचीचा चेहरा मोठा उघडलेला होता. सायबाईनं प्रत काढली, धूसर केली, दाटपणा खाली आणला. दादा जवळ येऊन बघत होता.

"अजून मऊ कर. खड्डे दिसतायत."

"दिसत नाहीयेत आता."

"मला दिसतायत. कर अजून."

तिनं दाटपणा वाढवला. भाचीचं नाक विरघळायला लागलं. दादा अजून, अजून म्हणत राहिला. तेव्हा पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "किती करू दादा? झटके दिसणार नाहीत इतकं करू?"

दादानं खुर्ची मागे सरकवली. कसले झटके, असं त्यानं विचारलं, पण घसा साफ करायला विसरला.

"मला येतात ते. काकू आल्या होत्या, फोटो करायला टाकून गेल्या. तुला देवमाणूस म्हणत होत्या." मग तिनं डोळ्यांवरची धूसर साय पुसायला घेतली, फार हळुवार. "तू मला मुलाच्या आईचा नंबर पाठवलास ना? केला होता मी दुपारी फोन."

"काय बोललीस?"

"तू काय बोलला होतास?"

यात एक शब्दही खोटा नव्हता. दादा उठला, पुन्हा बसला. हात जोडावेत की ओरडावं ते त्याला ठरवता येईना, आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून दोन्ही करता येईना. ती शांतपणे काम करत राहिली. फोटो उत्तम झाला. तिनं तो त्याच्यादेखत पाठवूनही दिला.

पुढचे दिवस सायबाईच्या आयुष्यातले सर्वांत चवदार दिवस होते, खोटं कशाला बोला. मुलाकडून काही उत्तर येईना. तिकडे आजोबा दवाखान्यात होते आणि घरातले सगळे त्या धावपळीत होते, पण हे इथं कुणाला माहीत? दादाचा जीव टांगणीला लागला. त्याला विचारायची सोय नव्हती. आमच्या मुलीला झटके येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं का हो, असं कुठल्या तोंडानं विचारणार? विचारलं की आपणच संशय पेरला. नाही विचारलं की आतल्या आत कुढत बसा. तो ताटात भात चिवडत राहायचा. फोन वाजला की दचकायचा, नाही वाजला की उचलून बघायचा. सायबाई समोर बसून पोटभर जेवायची आणि वहिनीकडे आणखी वरण मागून घ्यायची. दारात अडवून तो तिला विचारायचा, हळू आवाजात, की नक्की काय सांगितलंस. ती म्हणायची, तुला माहितेय.

शेवटी रात्रीच्या जेवणाला त्याचा बांध फुटला. बायको आणि मुलगी समोर असताना तो म्हणाला की बाई गं, पाया पडतो तुझ्या, काय ते एकदा सांगून टाक. भाचीनं पोळी खाली ठेवली आणि विचारलं, कशाबद्दल बोलताय तुम्ही?

"दादा, तूच सांग," सायबाई म्हणाली. "तुला पाठ आहे."

त्यानं सांगितलं. आडवळणं घेत, परिस्थितीच तशी होती म्हणत, पण सांगितलं. वहिनी ताटाकडे बघत राहिली. तिनं एकदाही, हे काय ऐकतेय मी, असं विचारलं नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं. हे सायबाईनं टिपून ठेवलं.

भाचीनं ताट बाजूला सारलं. मग आत्याकडे वळली. "आणि तू तसंच सांगितलंस माझ्या सासरी?"

"नाही. फोन लावला होता. मग ठेवला."

दादानं डोकं टेबलावर टेकवलं, सुटल्यासारखं. पण भाचीचा चेहरा सैल पडला नाही. "म्हणजे लावला होतास. पप्पांनी तुझ्याशी जे केलं, तेच तू माझ्याशी करणार होतीस. आणि नाही केलंस, तरी हे सगळे दिवस मला कळू न देता माझं लग्न टांगून ठेवलंस. मी मेसेज आला का बघत बसायचे तेव्हा तू समोर बसून जेवत होतीस, आत्या."

इतक्या दिवसांत सायबाईनं भाचीच्या ताटाकडे एकदाही बघितलं नव्हतं. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्यानं तिच्या पोटातलं विझलं नाही. ती दादाकडे वळून म्हणाली, "उद्या काकूंकडे जायचं. हेच सगळं तिथं सांगायचं. मी बरोबर येणार."

दादा नाही म्हणाला, मग उद्या नको म्हणाला, मग फोनवर सांगतो म्हणाला. ती ऐकून घेत राहिली. दुसऱ्या दिवशी ती सुट्टी टाकून, चपला घालून दारात उभी राहिली, तेव्हा तो आला.

काकू वरच्या मजल्यावर राहायच्या. दादा जिन्यात दोनदा थांबला. काकूंनी हसून दार उघडलं, त्याला बघून तर फारच आनंद झाला त्यांना, आणि चहा टाकते म्हणून त्या वळल्याही. सायबाई म्हणाली, चहा राहू द्या, याला काही सांगायचंय. दादानं फरशीकडे बघत सांगितलं. आडवळणं घ्यायला लागला की सायबाई नुसती त्याच्याकडे बघायची आणि तो पुन्हा सरळ व्हायचा.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो तिथंच राहिला. "का?" एवढंच त्यांनी विचारलं. घरी वडील आजारी होते, दादा म्हणाला, कुणीतरी पाहिजे होतं करणारं.

"म्हणजे बाई ठेवण्याऐवजी बहीण ठेवलीत," काकू म्हणाल्या. "आणि मी तुम्हाला चांगला माणूस म्हणत आले. कितीतरी जणांना सांगितलंय मी तुमच्याबद्दल." मग त्या सायबाईकडे वळल्या. "माझ्या मुलाला सांगू का मी?"

आता त्याचा काय उपयोग, असं दादा पुटपुटला.

"सांगा," सायबाई म्हणाली. "आणि त्या कितीतरी जणांनाही सांगा."

काकूंनी सांगितलं, आणि मोकळेपणानं सांगितलं. थोड्याच दिवसांत दादाच्या ओळखीची माणसं रस्त्यात त्याला बघून मोबाइल कानाला लावायला लागली. त्या दिवशी जिना उतरताना मात्र त्यानं तिला फक्त एकच विचारलं होतं, झालं का समाधान. नाही, ती म्हणाली होती, पण सुरुवात झाली.

महिना संपायच्या आत तिनं स्टुडिओच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. भाचीनं स्वतःच होणाऱ्या नवऱ्याला भेटून घरातलं सगळं सांगितलं, झटक्यांपासून न बोलता ठेवलेल्या फोनपर्यंत. तो म्हणाला, आमच्या घरातल्या गोष्टी ऐकशील तर तूच पळशील. लग्न झालं. सायबाईला बोलावणं आलं, ती गेली, जेवली, भाचीला जवळ घेतलं. भाचीनंही घेऊ दिलं, पण पूर्वीसारखी बिलगली नाही. तेवढं कायमचं गेलं, हे सायबाईला तिथंच कळलं.

दादानं पुढं बऱ्याचदा माफी मागितली. एकदा खोलीवर फळं घेऊन आला, एकदा डोळ्यांत पाणी आणून बोलला. ती दारातच उभी राहून ऐकायची, आत ये म्हणायची नाही. नातेवाइकांत तो सांगत फिरायचा की बहीण फार कठोर झालीय. कुणीतरी ते तिच्या कानावर घातलं, तेव्हा, कठोर हा शब्द चांगला आहे, ती म्हणाली.

त्यानंतर एका पावसाळ्यात दादा न्हाणीघरात घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, महिनाभर अंथरुणावरून हलायचं नव्हतं. वहिनीनं स्टुडिओत फोन केला. आवाज रडवेला होता. मला एकटीला कुशीवर वळवता येत नाही गं, थोडे दिवस येऊन राहशील का, तुझ्या हाताला सवय आहे.

सायबाईनं तिला पूर्ण बोलू दिलं. मग टेबलाच्या काचेखालचं एक कार्ड बघून घरी येऊन रुग्णसेवा करणाऱ्या बायकांच्या संस्थेचा नंबर सांगितला, एकेक आकडा स्पष्ट, आणि वहिनीकडून परत म्हणवून घेतला.

"चांगल्या बायका देतात ते," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेव, माणूस जड आहे."